सोळा होईपर्यंत हलायचं नाही

तुम्ही शेवटचे कधी थांबलात? सिग्नलला थांबलात ते धरू नका. तिथं पाय क्लचवर असतो आणि मन पुढच्या चौकात पोचलेलं असतं. हातात मोबाईल नाही, नाक खाजवायचं नाही, कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही, असं अर्धं मिनिट नुसतं उभं कधी राहिलात?

आठवत नसेल तर लाजू नका, मलाही आठवलं नसतं. मला थांबायला एका बाईंनी शिकवलं. शिकवलं म्हणजे छताला झाडूचा दांडा ठोकून शिकवलं.

आमच्या काष्टीच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडिलांचा छापखाना. कुस्त्यांच्या फडाची, लग्नाची आणि मोर्चाची पत्रकं एकाच यंत्रावर निघायची, आणि वाया गेलेल्या कागदांवर मी अक्षरं गिरवायची. मला वाचता आलेला पहिला शब्द 'चलो'. चलो तहसील, चलो कलेक्टर कचेरी. 'थांबा' हा शब्द आमच्या छापखान्यात कधी कुणी छापून घेतल्याचं मला ठाऊक नाही. अशा घरातली मुलगी नगरला शिकायला येते, सावेडीत एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेच्या बंगल्यात वरची खोली भाड्यानं घेते आणि पहिल्याच रविवारी पाणीप्रश्नावर पत्रक लिहायला बसते. बसते कसली! मला बसून लिहिता येत नाही. येरझाऱ्या घातल्याशिवाय माझं वाक्य पेटत नाही.

दुसऱ्या परिच्छेदाला खालून दांडा वाजला.

"ए वरची! भूकंप बंद कर!"

मी तरातरा खाली गेले. भाडं देतेय, चालायलाही बंदी आहे का, असं भाषण तयारच होतं. दार उघडंच होतं. आत पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. मधल्या टेबलावर बाजरीची एक भाकरी, आणि तिच्यावर खाली तोंड करून रोखलेला कॅमेरा. बाई शेजारी स्टुलावर श्वास धरून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाल्या, "चौदावा चालू होता. चौदावा! दोनच राहिले होते गं."

"भाकरीचे सोळा फोटो?"

"सोळा फोटोंचा एक फोटो. बस. आता भाकरी वायाच गेली, तर खाऊन घे."

ही आमची ओळख. ती भाकरी मी खाल्ली. त्यानंतर तिच्या बहिणीचा, म्हणजे पुढच्या भाकरीचा, फोटो यशस्वी झाला आणि बाईंनी तो दिवाणखान्याच्या भिंतीवर खाटेएवढा मोठा करून लावला. येणारे पाहुणे त्यासमोर उभे राहून चंद्राबद्दल बोलू लागायचे. करपलेले डाग, फुगून फुटलेले पापुद्रे, बोटांचे ठसे, सगळं खड्ड्या-डोंगरांसारखं दिसायचं. एका शेजाऱ्यांनी तर विचारलं, "हा नेमका कुठला ग्रह?" बाई शांतपणे म्हणाल्या, "बाजरीचा."

निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा भावानं सांगितलं पाटल्या कर, भाचीनं सांगितलं काशी कर. बाईंनी कॅमेरा घेतला. हातातल्या बांगड्याही काढून ठेवल्या, किणकिणतात म्हणून. तीन पायांच्या स्टँडला त्या तिवई म्हणायच्या, आणि ती हलू नये म्हणून जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशवीत वाळू भरून मध्ये लटकवायच्या. फोटो काढायचा त्या दिवशी म्हणायच्या, "आज सोळा आहे." मग गेटवर लाल पंचा लागायचा. गल्लीला त्याचा अर्थ पाठ होता. रिक्षावाले कोपऱ्यावरच प्रवासी उतरवायचे. स्कूटरवाले इंजिन बंद करून गाडी ढकलत न्यायचे, हसत, पण न्यायचे. एकदा कुरियरवाला फाटकातच सापडला. "थांब! नववा!" असा आतून आवाज आला आणि तो बिचारा एक पाय पायरीवर, एक खाली असा पुतळा होऊन राहिला. सोळा झाल्यावर बाईंनी त्याला दूध दिलं. दूध नासलेलं होतं, कारण फ्रिज बंद केला की चालू करायचं त्या हमखास विसरायच्या. आमच्या घरात पनीर फार व्हायचं.

मी त्यांच्याशी भांडायची. एका भाकरीसाठी गल्ली थांबवता, मोबाईलनं काढा की फोटो!

यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या, पीठ चाळायची चाळण आणली आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"काय दिसतं?"

"तुम्ही."

"सगळी?"

"तारांच्या मधून जेवढ्या दिसता तेवढ्या."

"आणि तारांच्या मागची?"

"ती… असणारच की. अंदाज येतो."

"हं! अंदाज." त्यांनी चाळण केसभर बाजूला सरकवली. "आता?"

आता त्यांच्या कपाळावरचा तीळ दिसला. मघाशी तो तारेमागे होता.

मग त्यांनी समजावलं. कॅमेऱ्याच्या पोटात सेन्सर असतो. त्या त्याला पाटी म्हणायच्या. पाटीवर बारीक बारीक लाखो घरं. गंमत अशी की प्रत्येक घराला एकच रंग दिसतो, कुणाला तांबडा, कुणाला हिरवा, कुणाला निळा. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजारच्या घरांवरून अंदाजानं भरतो. आपण ज्याला फोटो म्हणतो त्यातला बराचसा भाग असा भरून काढलेला असतो. पण बाईंच्या कॅमेऱ्यातली पाटी तरंगती होती. हात थरथरला तर तो थरथराट सावरण्यासाठी ती हलते. कुणा हुशार माणसाच्या डोक्यात उलटं आलं. कॅमेरा घट्ट बसवायचा आणि पाटीच मुद्दाम सरकवायची. एका घरानं सरकवली की जिथं तांबडा बघितला तिथंच हिरवा बघता येतो. अर्ध्या घरानं सरकवली की दोन घरांच्या मधलं सुटलेलंही दिसतं. प्रत्येक सरकण्याला एक फोटो, असे सोळा. नंतर संगणकावर सोळांचा एक.

"फक्त अट एक," बाई म्हणाल्या. "पाटी केसाच्याही केसाएवढी सरकते. तेवढ्यात जग हललं तर सगळं गेलं. चित्रावर चौकड्या उमटतात, लुंगीवर असतात तशा. तुझ्या येरझाऱ्यांच्या चौकड्या माझ्याकडे जपून ठेवल्यात. दाखवू?"

"नको."

"मग जरा सरकून बघायला शिक. तुम्ही चळवळवाले एकाच जागी पाय रोवून उभे राहता आणि जग हलवायला बघता. माझं उलट आहे."

मला राग आला. आजही थोडा येतो. पण त्यानंतर त्या माझी पत्रकं वाचायला मागू लागल्या आणि तांबड्या पेन्सिलीनं दरवेळी एकच शब्द खोडू लागल्या: 'तमाम'. तमाम कष्टकरी महिला, तमाम शेतकरी बांधव. त्या विचारायच्या, "तमाम म्हणजे कोण? त्यातली एक तरी नावानं सांग. सांगता येत नसेल तर तूही अंदाजानंच भरतेस." मला वाटलं, वडिलांचा छापखाना त्यांनी 'तमाम' शिवाय चालवून दाखवावा.

हिराताईंचा फोन आला त्या दिवशी मी अशीच खोडलेल्या 'तमाम'वरून वाद घालत होते.

जामखेडच्या पुढं एक गाव आहे. बाईंची पहिली नोकरी तिथल्या शाळेत. त्या वर्षी दुष्काळ होता आणि गावातल्या बायका तलाव खोदायच्या कामावर जात. काम संपलं त्याच आठवड्यात शाळेच्या कुंपणभिंतीला चुन्याचा ताजा गिलावा झाला होता. बाई तेव्हा नव्या, डोक्यात चित्रकला उकळत होती. कामावरून परतणाऱ्या बायकांना त्यांनी थांबवलं, प्रत्येकीच्या तळव्याला गेरू फासला आणि ओल्या गिलाव्यात पंजा दाबायला लावला. हजेरीपटावर अंगठा असतो तो हजेरी मांडणाऱ्यासाठी, हा अख्खा हात तुमचा तुमच्यासाठी, असं त्या म्हणाल्या म्हणे. गावात त्या भिंतीला 'हाताची भिंत' म्हणतात. गेरू उडाला, ऊन-पावसानं गिलावा झिजला, पण कुणी तिच्यावर रंग मारू दिला नाही.

आता रस्ता रुंद होत होता आणि सोमवारी तिथं जेसीबी लागणार होता.

हिराताई त्याच शाळेत नंतर बाईंच्या हाताखाली शिकल्या. भिंतीला लागूनच त्यांची पिठाची गिरणी आहे. त्यांची आई त्या तलावावर होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गरिबाघरी असतं तसंच, एक फोटो नाही. आईचा म्हणून उरलेला होता तो भिंतीतला एक पंजा. ठेकेदाराच्या मुकादमानं त्यांना एवढी सवलत दिली होती की सोमवारच्या आत एक तुकडा कापून न्या, जास्त नको, भिंत आधीच कोसळेल.

"मला ठावं हाय ना कुठला ते," हिराताई फोनवर सांगत होत्या. "शाळंच्या फाटकापासनं तिसरा. दर संक्रातीला हळदकुकू लावते मी त्याला. तरी म्हनलं तोडायच्या आदी बाईनला इचारावं."

"आईच्या हाताला काही खूण?" बाईंनी विचारलं.

"उजव्या तळव्यावर विळ्याचा वण हुता. आडवा, हा असा. पर भितीवर आता काईच उमगत न्हाई ओ. समदे सारखेच दिसत्यात."

"हिरा, कापू नकोस. आम्ही येतो."

मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं: 'भिंत वाचवा'. तमाम हा शब्द टाळून लिहिलं. जाताना एसटीत बाईंना वाचून दाखवलं. बाईंच्या पलीकडच्या सीटवर तिवई बसली होती. तिची जागा कुणी मागू नये म्हणून बाईंनी कंडक्टरकडे तिचं अर्धं तिकीट मागितलं होतं, आणि कंडक्टर, "हिचं वय काय?" असं विचारून हसत पुढं गेला होता. पत्रक ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "हिराला वाच."

हिराताईंना वाचलं. गिरणीचा पट्टा थांबवून त्यांनी नीट ऐकलं आणि पदरानं भुवयांवरचं पीठ पुसलं.

"लई झ्याक लिवलंय ताई. पर रस्ता पायजेच आमाला. पावसाळ्यात बाळंतिनीला न्यायला गाडी येत न्हाई इथवर. भित जाऊ द्या. माजी आय तेवडी घावू द्या."

पत्रक मी पिशवीत ठेवलं. ज्या रस्त्यासाठी कुणीतरी मोर्चा काढायला हवा होता, त्याच रस्त्याविरुद्ध मी मोर्चा काढायला निघाले होते.

"सरकलीस," बाई हळूच म्हणाल्या.

रविवारी सकाळी ऊन भिंतीला घासून जातं तेवढाच वेळ आमच्या हातात होता. तिरक्या उन्हात गिलाव्यातल्या बारीक रेषांनाही सावली पडते. ऊन वर चढलं की भिंत सपाट. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे, वाळूची पिशवी खाली, हिराताईंची गिरणी बंद. मी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, एकेका पंजाचा जवळून मोबाईलवर काढला तर?

"मोबाईल रेषा पुसून गुळगुळीत करतो. जिथं दिसत नाही तिथं अंदाज भरतो," बाई म्हणाल्या. "कुणाची आई अंदाजानं शोधायची नाही. आणि सगळ्या जणी एकत्रच हव्यात. कोण कुणाशेजारी उभी होती तेही कळायला हवं."

पण रस्त्यावर ऊस चालला होता. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, कारखान्याकडे. एक गेला की जमीन शहारायची आणि ती शांत व्हायच्या आत दुसरा यायचा. बाई माझ्याकडे वळल्या.

"घोषणा," त्या मला याच नावानं हाक मारायच्या, "तुला रस्ता अडवता येतो ना?"

हा प्रश्न मला आयुष्यात इतक्या प्रेमानं कुणी विचारला नव्हता.

अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. राहिलेल्या म्हाताऱ्या, दळणाला आलेल्या बायका, कॉलेजची चार पोरंपोरी, पारावरची चार माणसं, सगळी मी गोळा केली. सगळ्यांना सांगितलं की अडवायचं आणि गप्प उभं राहायचं. पहिला ट्रॅक्टर आला. आम्ही आडवे. ट्रॅक्टर थांबला. बाईंनी बटण दाबलं. आणि पारावरच्या एका गृहस्थांना राहवलं नाही.

"कोण म्हणतं देणार नाही?"

"घेतल्याशिवाय राहणार नाही!" अख्खा जमाव, मुठी वर करून, पाय आपटून.

कुणीच काही देत नाही म्हणालं नव्हतं. पण आपल्याकडे रस्ता अडला की ही घोषणा आपोआप तोंडातून निघते. बाईंनी माझ्या लॅपटॉपवर बघितलं. हाताची भिंत चौकड्यांनी भरली होती, अख्ख्या भिंतीला लुंगी नेसवल्यासारखी.

ऊन चढत होतं. हिराताई भिंतीजवळ जाऊन त्या तिसऱ्या पंजाशी उभ्या राहिल्या होत्या, त्याच्याकडे बघत.

आता बाई रस्त्याच्या मधोमध आल्या. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करण्यात जिची सगळी नोकरी खर्ची पडली त्या बाईचा आवाज काय असतो, तो गावानं ऐकला.

"ओरडायचं नाही! हलायचं नाही! सोळा होईपर्यंत! आणि दादा, तुमचं इंजिन बंद करा. नुसतं थांबून चालत नाही, तेही धडधडतंय."

ट्रॅक्टरवाल्यानं कपाळाला हात लावला. "अवो म्हातारे, सेल्फ मेलाय ह्याचा. बंद केला तर फिरून चालू व्हायचा न्हाई. ढकलावा लागतोय."

"ढकलू."

"कोन? तुमी?"

"आमी ढकलू की!" मागून एक बारीक, चिरका आवाज आला. गोदाआजी. वाळून काटकी झालेल्या, काठीवर रेललेल्या. "तुला बी ढकलू आन तुज्या ट्रॅक्टरला बी. कर बंद!"

हशा पिकला, पण त्यानं किल्ली फिरवली. मागच्यानं फिरवली. त्याच्या मागच्यानंही. रस्त्यावरून धडधड जशी एकेक करून मागं मागं विझत गेली तसं कानांना काहीतरी नवीन कळायला लागलं. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. ट्रॉलीतल्या उसाची पानं सळसळत होती. तो ऊस कुठल्या तरी फडात यांच्याच लेकी-सुनांनी, किंवा अशाच एखाद्या गावातल्या माणसांनी तोडलेला. एक शेळी निवांतपणे आमच्यामधून चालत गेली. तिला कुणी हटकलं नाही. कॅमेऱ्यावरचा छोटा दिवा लुकलुकत होता, आणि आत ती पाटी सरकत होती, केसाच्या केसाएवढी. मी कितीतरी मोर्चे बघितले आहेत. इतकी माणसं एकाच कारणासाठी इतकी ठाम उभी मी कधीच बघितली नव्हती.

"झाले सोळा," बाई म्हणाल्या.

आणि सगळ्या गावानं श्वास सोडला. मग खरोखरच ट्रॉल्या सोडून ट्रॅक्टर उतारावर ढकलला गेला. गोदाआजींनी त्याला काठी लावली. तेवढ्यानं काही झालं नसेल, पण ट्रॅक्टर सुरू झाल्यावर ड्रायव्हरनं त्यांनाच आधी हात केला.

गिरणीच्या ओट्यावर माझा लॅपटॉप ठेवला. सोळांचा एक व्हायला वेळ लागतो. पीठ उडू नये म्हणून हिराताईंनी पदर आडवा धरला होता. चित्र आलं. बाईंनी फाटकापासूनचा तिसरा पंजा मोठा केला, आणखी मोठा, आणखी. तळव्याच्या रेषा नदीच्या फाट्यांसारख्या वर येत गेल्या. चुन्याचे कण दिसले. हिराताईंनी इतक्या वर्षांत लावलेल्या हळदीचा पिवळा रंग भेगेत बसलेला दिसला.

आडवा वण नव्हता.

"आजून मोटं करा," हिराताई म्हणाल्या. केलं. वण नव्हताच. करंगळी मात्र विचित्र होती. मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकडी, मोडून तशीच जुळलेली.

कुणी काही बोलायच्या आधी सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. गोदाआजींनी काठीवरचा उजवा हात वर केला, स्वतःच्या करंगळीकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग हिराताईंकडे.

"आगं बया! हा तं माजा हात हाय!"

आणि मग त्या जे हसल्या! काठी पडली, डोळ्यांतून पाणी आलं. "म्हनूनच मी मरंना! मी म्हनते, बराबरच्या समद्या गेल्या, माजंच कसं काय ऱ्हायलं? ही पोरगी दर संक्रातीला मला हळदकुकू लावतीय! तुजी आय वर बसून कपाळ बडवत आसंल, हिरे. जल्मभर आमी आडावर भांडलो, आन तिच्या लेकीनं पूजा केली कुनाची, तर माजी!"

हिराताई हसत नव्हत्या. "मंग माजी आय कुठं हाय?"

एवढंच त्यांनी विचारलं, आणि हसणं थांबलं. उद्या त्यांनी पहारीनं गोदाआजींचा हात कापून घरात लावला असता आणि आई जेसीबीच्या दातांखाली गेली असती.

"थांब. सरकू या," बाई म्हणाल्या आणि चित्र बाजूला सरकवत निघाल्या. एकेक पंजा. हिची बोटं आखूड, हिच्या तळव्याला घट्टे, हिच्या अंगठ्याचं टोक नाही. गोदाआजी एकेकीला ओळखत गेल्या, नाव घेत गेल्या. मी 'तमाम' लिहायची त्या याच. पार खालच्या कोपऱ्यात, जिथं डोळ्याला नुसता खरवडलेला गिलावा दिसत होता, तिथं एक पंजा वर आला. तळव्यावर आडवी, विळ्याच्या धारेसारखी किंचित वळलेली खूण.

हिराताईंनी पदर सोडला. पीठ उडालं ते उडू दिलं.

वणाच्या पंजाशेजारी, त्याला चिकटूनच, आणखी एक ठसा होता. लिंबाएवढा.

"ह्यो कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"कुनाचा म्हंजे? तुजाच," गोदाआजी म्हणाल्या. "कडंवर हुतीस. लई रडत हुतीस. तुज्या आयनं खाली बसून आदी आपला हात लावला, मंग तुजा दाबला. गप झालीस गेरू बघून. म्हनून तर येवढ्या खाली हाय तो."

हिराताईंनी आपला हात लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवला. बाईंना पडद्यावर बोटं लागलेली अजिबात खपत नाहीत. पण त्या वळून फ्रिज बंद आहे का बघायला लागल्या. गिरणीत फ्रिज नव्हता.

सोमवारच्या आत खालचा कोपरा निघाला, आई आणि लेक एकाच तुकड्यात. गोदाआजी मुकादमापुढं काठी घेऊन उभ्या राहिल्या. "माजा बी काडायचा. जिती हाय तवर माजी पूजा मला बघायचीय." मुकादमानं नियम सांगितला. आजींनी करंगळी दाखवली. दुसरा तुकडाही निघाला. दोन्ही आता गिरणीच्या भिंतीत शेजारी शेजारी बसवले आहेत, आणि आजी दळणाला आल्या की हिराताईंच्या आईशी तासभर भांडून जातात. संक्रांतीला हळदकुंकू दोघींना लागतं. आधी कुणाला, यावर वाद आहे.

भिंत गेली. रस्ता झाला. सोळांचा तो एक फोटो भिंतीच्या लांबीएवढा छापून शाळेत लावलाय, आणि कुणी ना कुणी त्यात आपली माणसं शोधत उभं असतं.

मी काष्टीला परत आले. वडिलांचा छापखाना मी चालवते. अजूनही येरझाऱ्या घालत लिहिते, आणि 'तमाम' लिहिला गेला की जमिनीकडे बघते, जणू खालून दांडा वाजेल. बाई सावेडीतच आहेत, म्हणजे घरी सापडल्या तर. रस्ते रुंद होतायत, जुन्या भिंती पडतायत, गावागावांतून त्यांना फोन येतात आणि त्या तिवईचं अर्धं तिकीट मागत एसटीत चढतात.

म्हणून हे पत्रक. आमच्या छापखान्यातून 'चलो' पुष्कळ निघाले, हे पहिलं 'थांबा'. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर वाळूची पिशवी लटकवलेल्या तिवईशेजारी, बांगड्या नसलेला हात वर करून एक बाई उभी दिसली, तर हॉर्न वाजवू नका. इंजिन बंद करा. सेल्फ मेला असला तरी करा, ढकलायला माणसं मिळतात. खाली उतरा, दोन्ही पाय जमिनीला टेका आणि सोळा होईपर्यंत हलू नका. समोरच्या भिंतीत कुणाची तरी आई असेल.

आणि कृपा करून, घोषणा देऊ नका.